दुर्गावरील दीपगृह : खांदेरीच्या वारसाविचाराची चिकित्सा

प्रास्ताविक

मराठी गद्यात ‘दीपस्तंभ’ हा शब्द वारंवार भेटतो. प्रत्यक्ष दीपगृह मात्र क्वचितच भेटते. गौरवग्रंथ, मानपत्रे, पुण्यस्मरणाचे लेख आणि निरोप समारंभातील भाषणे यांत हा शब्द इतका रुळला आहे की, ज्यांना दीपस्तंभाची उपमा मिळाली नाही असे सेवानिवृत्त प्राचार्य शोधूनच काढावे लागतील. उपमा झिजली याचे फारसे दुःख करण्याचे कारण नाही. परंतु उपमेमागची वस्तू त्यामुळे नजरेआड झाली, ही बाब विचारणीय आहे. दीपगृह हे दगड, काच आणि तेल यांचे बांधकाम होय. तेथे पगारी माणसे रात्रभर जागत, त्याचा खर्च जहाजांकडून वसूल होई आणि ते कोणत्या ठिकाणी उभारावयाचे हे व्यापार व सत्ता यांच्या गरजेवरून ठरे. उपमेतील दीपस्तंभ निःस्वार्थ असतो. इतिहासातील दीपगृह तसे कधीच नव्हते.

मराठवाड्यात ही वस्तू अपरिचित राहणे स्वाभाविक आहे. बिलोलीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. शिवाय हा प्रदेश १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. इंग्रजांचा अंमल येथे थेट नव्हता. त्यामुळे वसाहतकालीन दीपगृह म्हणजे मुंबई-कोकणाचा विषय, असा समज येथील अभ्यासकांत आढळतो. तो समज कितपत टिकतो हे पुढे दिसेलच. प्रस्तुत लेखाचा मुख्य विषय आहे तो अलिबागजवळील खांदेरी बेटावरील १८६७ चे दीपगृह. मराठ्यांच्या दुर्गावर इंग्रजांनी उभारलेला हा मनोरा त्या दुर्गाच्याच इतिहासाचे एक उत्तरकालीन पान आहे. मात्र नामांतर, पर्यटन आणि वारसा-नोंद या तिन्ही वाटांनी ते पान वाचले जाण्याऐवजी झाकले जात आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

बेट, दुर्ग आणि मनोरा

थळच्या किनाऱ्यापासून चार-पाच किलोमीटरवर, मुंबई बंदराच्या दक्षिण तोंडाशी खांदेरी आहे. तिच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये उंदेरी. मुंबईत शिरणाऱ्या आणि मुंबईतून निघणाऱ्या गलबतांवर येथून नजर ठेवता येते. हे ओळखूनच शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये मायनाक भंडारी यांच्याकडे बेटाच्या तटबंदीचे काम सोपविले. मुंबईकर इंग्रजांनी ते थांबविण्यासाठी जहाजे पाठविली. ऑक्टोबर १६७९ मध्ये दौलतखानाच्या आरमाराने त्यांच्यावर चाल केली आणि इंग्रजांचे एक गलबत मराठ्यांच्या हाती लागले. पावसाळी समुद्र, खडकाळ किनारा आणि थळहून रात्री-अपरात्री होड्यांतून पोहोचणारी रसद यांपुढे मोठ्या जहाजांचा उपयोग झाला नाही. १६८० च्या प्रारंभी इंग्रजांना तडजोड करावी लागली. त्याच सुमारास सिद्दीने उंदेरीवर ठाण मांडले, आणि पुढे कित्येक वर्षे ही दोन शेजारची बेटे एकमेकांवर तोफा डागत राहिली.

या प्रसंगाकडे आरमारी शौर्याची गाथा म्हणून पाहण्याची प्रथा आहे आणि ती अयोग्य नाही. पण त्यातील एक बारीक गोष्ट सहसा सुटते. मराठ्यांची लहान गलबते ज्या अंधाराचा आणि खडकांचा फायदा घेत होती, तेच अंधार आणि खडक मोठ्या जहाजांचे शत्रू होते. दीपगृह ही या शत्रूवर इंग्रजांनी पुढे शोधलेली तोड होय. १७१८ मध्ये गव्हर्नर चार्ल्स बून याच्या काळात खांदेरीवर झालेला इंग्रजांचा हल्लाही फसला. तेव्हा बेट कान्होजी आंग्रे यांच्याकडे होते. कान्होजी १७२९ मध्ये निवर्तले. १८४० मध्ये आंग्र्यांचे कुलाबा संस्थान इंग्रजांनी खालसा केले. त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, १८६७ मध्ये, खांदेरीच्या उंचवट्यावर अष्टकोनी दगडी मनोरा उभा राहिला आणि त्याच्या माथ्यावर दिवा लागला. जो डोंगरमाथा टेहळणीसाठी निवडला गेला होता, तोच प्रकाशासाठी निवडला गेला. दोन्ही निवडींमागचे भूगोलाचे गणित एकच आहे.

इंग्रज कागदपत्रांत बेटाचे नाव ‘केनेरी’ असे येते. १८८३ च्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये दुर्ग आणि दीपगृह अशी दोन्ही माहिती आहे. तेथे ही दोन बांधकामे एकाच स्थळाची अंगे आहेत. किल्ल्यांवरील आधुनिक मराठी लेखनात मात्र दीपगृह बहुधा दिशादर्शनापुरते येते : दीपगृहाच्या डाव्या हाताने खाली उतरले की अमुक बुरूज लागतो. वाचकाला वाट सांगणे एवढेच त्याचे काम. (एका अर्थाने दीपगृहाचा हा यथोचित उपयोगच म्हणावा लागेल.) ज्या लेखनाला तटाच्या प्रत्येक चिऱ्याविषयी कुतूहल आहे, त्याला दीडशेहून अधिक वर्षे जुन्या मनोऱ्याविषयी ते नसावे, याचे कारण अज्ञान नाही. मनोरा कोणी बांधला हे लेखकाला ठाऊक असते. म्हणूनच तो त्याकडे पाहत नाही.

दस्तक आणि दीपशुल्क

विसाव्या शतकाच्या अखेरीस या बेटाला व दीपगृहाला कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले. ‘केनेरी’ हा ‘खांदेरी’चाच इंग्रजी अपभ्रंश असल्याने मूळ नाव पुन्हा रूढ करणे सहज शक्य होते, भाषिक दृष्टीने तेच नैसर्गिक ठरले असते. त्याऐवजी व्यक्तिनामाची निवड झाली. या निवडीमागील आदर प्रामाणिक आहे, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ज्यांच्या मृत्यूनंतर १३८ वर्षांनी जो मनोरा त्यांच्या शत्रूंनी बांधला, त्याला त्यांचेच नाव देण्यात जी विसंगती आहे, ती समजावून सांगण्याची जबाबदारीही त्या आदराबरोबर येते. ती पार पाडली गेल्याचे दिसत नाही. नाव बदलले की इतिहास आपला होतो, असे गृहीत धरले गेले.

ही विसंगती टाळण्याऐवजी नीट पाहिली तर ती फार बोलकी आहे. कान्होजींनी कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या गलबतांकडून दस्तक, म्हणजे परवाना, घेण्याचा आग्रह धरला. परवाना नसलेले गलबत ते अडवीत. पोर्तुगीजांनी आपल्या ‘कार्ताझ’च्या रूपाने सोळाव्या शतकापासून हेच केले होते, समुद्रावर आपला अधिकार आहे हे सांगण्याची ती रीत होती. ईस्ट इंडिया कंपनीला हा अधिकार मान्य नव्हता, म्हणून कंपनीच्या लेखी कान्होजी ‘चाचे’ ठरले. आता दीपगृहांकडे वळावे. दीपगृहे चालविण्याचा खर्च बंदरात येणाऱ्या जहाजांवर आकार बसवून भागविला जातो. १९२७ च्या भारतीय दीपगृह अधिनियमाने त्याला देशभर एकसारखे कायदेशीर रूप दिले. त्याचे नाव दीपशुल्क. हे शुल्क भरल्याची खातरजमा झाल्याखेरीज जहाजाला बंदर सोडता येत नसे. सुरक्षित वाटेचे मोल सत्तेने जहाजांकडून घ्यावे, हे तत्त्व दोन्हीकडे समान आहे. एकाला चाचेगिरी म्हटले गेले, दुसऱ्याला प्रशासन.

येथे सावधगिरी आवश्यक आहे. दस्तक आणि दीपशुल्क एकच होत, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. दस्तकामागे तोफ होती. दीपशुल्काच्या बदल्यात प्रत्यक्ष सेवा होती आणि ती शत्रु-मित्र न पाहता प्रत्येक गलबताला मिळत होती. खांदेरीचा दिवा परवाना विचारत नसे. पण ‘समुद्र कोणाचा’ हा प्रश्न ज्या बेटावर १६७९ मध्ये तोफांनी विचारला गेला, त्याच बेटावर त्याचे उत्तर १८६७ मध्ये दिव्याने दिले गेले, हे सूत्र नामफलकावर आले असते तर कान्होजींचे नाव तेथे शोभेपुरते राहिले नसते. नौदलाच्या पाणबुडीला ‘खांदेरी’ हे नाव १९६८ मध्ये व पुन्हा २०१९ मध्ये देण्यात आले. तेथे वाद उद्भवत नाही. कारण पाणबुडी हे लढाऊ जलयान आहे आणि खांदेरी हे लढाईचे स्थळ. दीपगृहाचे नामकरण इतके सरळ नाही. त्यासाठी दोन ओळींचा तरी खुलासा हवा होता.

कापसाची वाट

१८६७ हे वर्ष निराळ्या कारणानेही ध्यानात घेण्यासारखे आहे. याच वर्षी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची वाट वऱ्हाडातून नागपूरला पोहोचली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानातील काळ्या जमिनीच्या कापसाला अपूर्व भाव आला. युद्ध संपताच भाव कोसळले, मुंबईतील पेढ्या बुडाल्या. परंतु लोहमार्ग, गोदामे आणि बंदराची कामे पुढे चालूच राहिली. १८६९ च्या नोव्हेंबरमध्ये सुएझ कालवा खुला झाला, १८७३ मध्ये मुंबई बंदर न्यास स्थापन झाला, १८७५ मध्ये कुलाब्याच्या टोकाशी प्राँग्ज खडकावरचे दीपगृह पूर्ण झाले. या मालिकेतच खांदेरीचा दिवा बसवून पाहावा लागतो.

असे पाहिले म्हणजे हा दिवा केवळ कोकणाचा राहत नाही. वऱ्हाड मुळात निजामाचा प्रांत. १८५३ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात गेला तो त्याच्या कापसाच्या जमिनीसह. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हैदराबाद-मनमाड हा मीटरगेज मार्ग नांदेड, परभणी, जालना यांना मनमाडच्या जोडणीने मुंबईशी बांधून गेला. गोदावरी आणि मांजरा यांच्या खोऱ्यांतील कापूस, तेलबिया आणि धान्य यांची किंमत आता समुद्रापलीकडे ठरू लागली. सरकीपासून वेगळा केलेला, गाठींत दाबलेला कापूस ज्या जहाजांतून बाहेर जाई, त्या जहाजांना वाट दाखविण्यासाठी हे दिवे होते. ज्या शेतकऱ्याने समुद्र पाहिला नाही, त्याच्या मालाच्या प्रवासाचा हा शेवटचा टप्पा. मराठवाड्यात इंग्रजांचे राज्य नव्हते, हे खरे. परंतु इंग्रजांचा बाजार होता, आणि बाजाराला सरहद्द नसते हे त्या काळातील भावाच्या चढउतारांनी येथील गावांना पुरेपूर शिकविले.

मराठीत ‘दिव्याखाली अंधार’ अशी म्हण आहे. दीपगृहाच्या बाबतीत ती शब्दशः खरी ठरते. देवळापुढील दीपमाळ आणि दीपगृह यांचा आकार दुरून सारखा वाटतो. पण दीपमाळ उत्सवात पाजळते आणि तिच्या भोवती जमलेल्यांनाच उजळते. दीपगृहाचा प्रकाश पायथ्याशी पडत नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ ऑगस्टिन फ्रेनेल याने १८२० च्या दशकात सिद्ध केलेल्या भिंगरचनेत तर इकडेतिकडे सांडणारा प्रत्येक किरण वळवून क्षितिजाकडे पाठविला जातो. प्रकाश जवळच्यांवर वाया जाऊ नये, हेच त्या शास्त्राचे उद्दिष्ट. बेटावरील वेताळाला भजणारा, थळ-अलिबाग परिसरातील कोळी समाज या मनोऱ्याच्या सावलीत पिढ्यान्‌पिढ्या येत राहिला. दिवा मुख्यतः त्यांच्यासाठी बांधला गेला नव्हता. तरी रात्री घरी परतताना त्यांनी त्याचा उपयोग करून घेतला. वसाहतकालीन वास्तूंचा असा अनपेक्षित उपयोग करणारे जे लोक, त्यांचा इतिहास वारशाच्या नोंदीत क्वचितच येतो.

विझलेले आणि जळते दिवे

दीपगृहांच्या वारशाविषयी भारतात अलीकडे बराच उत्साह दिसतो. १९२७ च्या अधिनियमाची जागा घेणाऱ्या २०२१ च्या नव्या अधिनियमात ‘वारसा दीपगृह’ ही संज्ञा प्रथमच आली. शिक्षण, संस्कृती व पर्यटन यांसाठी अशा दीपगृहांचा विकास करण्याची तरतूद त्यात आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये गोव्यातील आग्वाद किल्ल्यावर दीपगृहांचा पहिला राष्ट्रीय उत्सव झाला. ही निवड समजण्यासारखी आहे. आग्वादचा किल्ला पोर्तुगीजांनी सतराव्या शतकाच्या आरंभी बांधला, जुने दीपगृहही त्यांनीच १८६४ मध्ये उभारले. किल्ला आणि दीपगृह यांचा धनी एकच असल्याने तेथे ‘परके’ आणि ‘आपले’ अशी विभागणी करावी लागत नाही. शिवाय १९७६ मध्ये जवळच नवे दीपगृह सुरू झाल्यापासून जुना मनोरा विझलेला आहे. विझलेल्या दिव्याचे स्मारक करणे सोपे असते. त्याच्यापुढे छायाचित्रे काढता येतात, रोषणाई करता येते; त्याचे स्वतःचे काही काम उरलेले नसते.

आग्वादचे एक मोल मात्र मान्य केले पाहिजे. किल्ल्याच्या खालच्या भागातील तुरुंग, जेथे गोव्याच्या मुक्तिलढ्यातील सत्याग्रही डांबले गेले, तो आता संग्रहालयाच्या रूपात पाहता येतो. त्यामुळे वैभव आणि दडपशाही या दोन्ही गोष्टी एकाच टेकडीवर पाहणाऱ्यापुढे येतात. उत्सवी वातावरणात त्या एकमेकींशी कितपत बोलतात, हा प्रश्न निराळा.

खांदेरीची परिस्थिती याच्या उलट आहे. किल्ला एका सत्तेचा, मनोरा दुसऱ्या सत्तेचा, नाव पहिल्या सत्तेच्या सरखेलाचे; आणि दिवा चालू. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या शीर्षकाखाली ज्या बारा किल्ल्यांची जागतिक वारसा यादीत नोंद केली, त्यांत खांदेरी आहे. राज्य पुरातत्त्व संचालनालयाच्या संरक्षणाखालील चार किल्ल्यांपैकी ती एक. साल्हेर, राजगड आणि प्रतापगड हे उरलेले तीन. ही नोंद सर्वस्वी योग्य व दीर्घकाळ प्रलंबित होती. परंतु तिचे शीर्षक लष्करी आहे आणि मराठा आहे. दीपगृह या दोन्हीपैकी काहीच नाही. किल्ल्याची राखण राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे, तर दिव्याचा कारभार केंद्राच्या नौवहन यंत्रणेकडे. पुरातत्त्वाच्या दृष्टीने मनोरा म्हणजे दुर्गावरील नंतरची भर; नौवहनाच्या दृष्टीने दुर्ग म्हणजे दिव्याभोवतीची जुनी भिंत. दोघांच्या दप्तरांत बेट पूर्ण आहे, आणि दोघांच्याही दप्तरांत ते अर्धेच आहे.

स्मारकांच्या जतनाविषयी १९६४ च्या व्हेनिस सनदेने घालून दिलेले एक तत्त्व येथे मार्गदर्शक ठरावे. एखाद्या वास्तूत निरनिराळ्या कालखंडांनी घातलेली सार्थ भर आदराने जपावी. एका काळाची शुद्धता साधण्यासाठी दुसऱ्या काळाचा थर खरवडू नये, असे ते सांगते. नांदेड जिल्ह्यातील अभ्यासकाला हे तत्त्व परके वाटू नये. कंधारचा किल्ला राष्ट्रकूटांच्या परंपरेशी जोडला जातो. त्यावर बहमनी, निजामशाही, मोगल आणि आसफजाही राजवटींनी आपापली भर घातली. तेथे जैन-हिंदू शिल्पावशेष आणि फार्सी शिलालेख एकाच तटाच्या आत नांदतात. यांपैकी कोणता थर ‘खरा’ किल्ला, हा प्रश्न कंधारात विचारला तर तो हास्यास्पद वाटेल. खांदेरीबाबत तो हास्यास्पद वाटत नाही, याचे कारण तेथील शेवटचा थर इंग्रजांचा आहे आणि इंग्रजांशी असलेला हिशेब मनातून अजून मिटलेला नाही. हिशेब मिटवूच नये, असेही कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. पण हिशेब ठेवावयाचा तर खातेवहीचे पानही जपावे लागते.

येथे एक आक्षेप संभवतो. दीपगृहाला वारशाचा दर्जा मागणे म्हणजे वसाहतवादाच्या ‘उपकारां’ची यादी पुन्हा वाचणे नव्हे काय? रेल्वे, तारायंत्र आणि दीपगृहे इंग्रजांनी दिली, हे पाठ्यपुस्तकी वाक्य पिढ्यांनी घोकले आहे. हा आक्षेप गंभीर आहे; परंतु त्याचे उत्तर दीपगृह झाकण्यात नाही. ज्याने कापसाची वाट, दीपशुल्काची वसुली आणि खालसा झालेले संस्थान ही तिन्ही माहिती मनोऱ्याच्या पायथ्याशी वाचली, त्याला तो मनोरा उपकार वाटणार नाही. उपकाराचा आभास संदर्भ तोडल्याने होतो. पर्यटनाच्या पत्रकांत ‘ब्रिटिशकालीन भव्य दीपगृह’ असे तीन शब्द येतात तेव्हा हाच आभास तयार होतो, आणि दुर्गविषयक लेखनात दीपगृह गाळले जाते तेव्हा त्या आभासाला उत्तर देण्याची संधीही गाळली जाते.

काळाची एक अडचणही लक्षात घ्यावी लागेल. उपग्रहाधारित दिशादर्शनामुळे मोठ्या जहाजांना दीपगृहाची गरज पूर्वीसारखी उरलेली नाही. उद्या खांदेरीचा दिवा अनावश्यक ठरला, तर त्या दिवशी तो निःसंशय ‘वारसा’ होईल. तोवर मात्र त्याच्याकडे चालू यंत्रणा म्हणूनच पाहिले जाईल : गरजेनुसार रंग, गरजेनुसार फरशी, गरजेनुसार लोखंडी जोड. चालत्या वास्तूचे जतन ही स्वतंत्र विद्या आहे आणि तिच्यासाठी दोन्ही यंत्रणांनी एकत्र बसून त्या बेटाचा एकच आराखडा करणे अगत्याचे आहे. त्या आराखड्यात तट, तोफा, मनोरा आणि वेताळाचे स्थान या चारही गोष्टी एका नकाशावर याव्यात. कोळी समाजाची तेथील वहिवाट नियमांच्या तळटिपेत न जाता मूळ मजकुरात यावी. दीपगृहाच्या दाराशी लावावयाच्या फलकावर १६७९, १७१८, १८४० आणि १८६७ ही चार वर्षे एकाखाली एक लिहिली, आणि कान्होजींचे नाव या मनोऱ्याला केव्हा व का दिले हे पाचव्या ओळीत सांगितले, तरी सुरुवात होण्यासारखी आहे.